एक्स-रे शिकणारी पोर

पुण्याच्या भाच्याची मेल आली. त्याच्या मुलाला बारावीला बरे मार्क पडलेत, पण नीटमध्ये गाडी अडली. तेव्हा आता रेडिओलॉजीचा पॅरामेडिकल कोर्स करू द्यावा का, असं त्याने विचारलंय. शेवटी लिहिलंय, "मावशी, तुझ्या शेजारची एक मुलगी तेच शिकतेय ना? तिला किती मार्क होते?" त्याला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकावं. नात्यातल्या आणखी चार-पाच घरांत यंदा बारावीची पोरं आहेत, त्यांच्याही कामी येईल.

मार्कांचं म्हणाल तर आत कोण येणार एवढंच ते ठरवतात. आत आलेला टिकणार का, आणि चार वर्षांनी त्याच्या हाती पेशंट सोपवता येईल का, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. हे मी कशावरून सांगते? मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. फिजिक्सचा तास चालू असायचा तेव्हा मी स्टाफरूममध्ये निबंधाच्या वह्या तपासत बसलेली असायची. पण गेली चार वर्षं संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात रेडिओग्राफीची पुस्तकं उघडली गेली आहेत. आधी एक मुलगी यायची, मग तिच्या वर्गातली आणखी चौघं येऊ लागली. शिकवायला त्यांचे सर होते, मी फक्त ऐकत होते. मास्तरकी सुटली तरी पोरं कुठे अडतात ते कान टिपतातच.

आधी एक घोळ मिटवते, कारण भाच्याच्या मेलमध्येही तो आहे. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे एम.डी. केलेला डॉक्टर, तो फोटो वाचतो आणि रिपोर्ट लिहितो. तो फोटो काढणारा, म्हणजे मशीन लावणारा, पेशंटला नीट उभं करणारा, किती किरण सोडायचे ते ठरवून बटण दाबणारा, तो रेडिओग्राफर किंवा टेक्निशियन. त्याच्या पदवीला आपल्याकडे बी.पी.एम.टी. म्हणतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली तीन वर्षांचा अभ्यास आणि पुढे इंटर्नशिप. बारावी सायन्स हवी. पोरांना वाटतं सोनोग्राफीही करायला मिळेल. पण आपल्याकडे ती डॉक्टरच करतात आणि गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे त्या मशीनवर नजरही कडक असते. हे आधीच माहीत असलेलं बरं. आमच्या पाचांतला एकजण ते कळल्यावर महिनाभर रुसून बसला होता :-)

लोक याला "फोटोवाला" म्हणतात. सोलापुरात डॉक्टरही पेशंटला "छातीचा फोटो काढून आणा" असंच सांगतात. फोटोवाल्याला काय शिकायचं असतं, हा समज घरोघरी आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी मुलगा नापास झाला की घरच्यांना धक्का बसतो आणि मुलाला लाज वाटते. माझ्या बघण्यात, अर्धी गळती त्या लाजेतून होते.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिचे वडील माझे विद्यार्थी, म्हणून तीही मला "बाई"च म्हणते. घरात तेलुगू. वडील पूर्वी चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर होते, आई विड्या वळते. शाळा मराठी माध्यमाची. २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, वडिलांचा एच.आर.सी.टी. काढावा लागला. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तो "स्कोर" होता, पंचवीसपैकी किती आला ते लोक परीक्षेच्या निकालासारखं विचारायचे. मशीनपाशी पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली एक टेक्निशियन मुलगी होती. तिने वडिलांना तेलुगूत दोन शब्द बोलून धीर दिला, तो या पोरीच्या मनात राहिला. पुढच्या वर्षी बारावी झाली आणि तिने हाच कोर्स घेतला. मार्क साधारणच होते. भाच्या, आकडा सांगत नाही, त्याचा उपयोग नाही.

पहिल्या वर्षाच्या मध्यावर तिचे वडील आले. "बाई, पोरगी म्हणतीय सोडते. फिजिक्स झेपंना."

मी पोरीला म्हटलं, पुस्तक घेऊन ये आणि काय झेपत नाही ते मला वाचून दाखव. तिने वाचलं. एका परिच्छेदात तिला अडलेले अकरा शब्द निघाले आणि त्यातले फिजिक्सचे दोनच होते! बाकीचे "अ‍ॅडजसंट", "रिस्पेक्टिव्हली", "व्हेअरअ‍ॅज" असले. शरीररचनेच्या पुस्तकातही तीच तऱ्हा. सुपिरियर, इन्फिरियर, मीडियल, लॅटरल, प्रॉक्सिमल, डिस्टल... ती हे सगळं मंत्रासारखं पाठ करत होती. कोपर खांद्यापेक्षा डिस्टल, मनगटापेक्षा प्रॉक्सिमल, म्हणजे खांद्याच्या मुळापासून लांब की जवळ एवढंच, हे कुणी तिला हातावर दाखवलं नव्हतं. मार्कशीटवर "फिजिक्स नापास" असं येतं, खरं तर नापास झालेली असते वाक्यरचना. मराठी माध्यमातल्या पोरांना अकरावीतही हा खड्डा लागतो, पण तिथे क्लास असतात, गाइडं असतात. इथे पहिल्या सहा महिन्यांत कुणीच नसतं, आणि शिकवणाऱ्यांना वाटतं बारावी सायन्स झालाय म्हणजे इंग्रजी येतच असणार.

फिजिक्समध्ये मी काय करणार? पण शब्द हा माझा प्रांत. आम्ही एक वही केली. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे त्याची फोड. मराठीच्या तासाला उपसर्ग-प्रत्यय शिकवायचे तसंच. आणि मंडळी, काय मजा आली सांगू! वैद्यकातले शब्द ग्रीक-लॅटिनमधले आणि त्या भाषा आपल्या संस्कृतच्या चुलतबहिणी. डेंटलमधला दंत आणि नेझलमधली नासा सगळ्यांनाच दिसते. पण ऑस्टिओ म्हणजे हाडाचं, ते अस्थीचंच भावंड. गुडघ्याला लॅटिनमध्ये जेनू, आपल्याकडे जानू, आजानुबाहूमधला. यकृताचं "यकृत्" आणि ग्रीकांचं "हेपार" एकाच मुळातलं, ते ओळखू येत नाही हे खरं. हायपर म्हणजे उपरि. हायपो म्हणजे उप. पेरि म्हणजे परि. डिस म्हणजे दुस्. इंटर म्हणजे अंतर. कार्डिया म्हणजे हृद्. तर "पेरिकार्डियम" हा लांबलचक शब्द पोरीने स्वतः फोडला, "परि आणि हृद्. बाई, हृदयाच्या भोवतीचं!" तेलुगूतही हृदयमु, दंतमु आहेतच, त्यामुळे तिला एकाला दोन आधार मिळाले. सगळेच शब्द असे फुटत नाहीत. फेमर, टिबिया, क्लॅव्हिकल पाठच करावे लागतात. आणि इंटर म्हणजे "च्या मध्ये", इंट्रा म्हणजे "च्या आत", इथे घसरायला होतं. पण दोनशे शब्दांतले सत्तर ओळखीचे निघाले की उरलेल्यांची भीती अर्धी होते.

फिजिक्सला हात घातला तो तिच्या वडिलांनी. पिक्सेल म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं. डिजिटल एक्स-रे, सी.टी., सगळीकडे मॅट्रिक्स आणि पिक्सेल. वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आपल्या चादरीचा ग्राफ आठव की." जेकार्डवर मोर काढायचा तर आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवतात. एक घर म्हणजे एक उभा धागा वर उचलायचा की नाही. घरं मोठी घेतली तर मोराची मान पायऱ्यापायऱ्यांची दिसते, बारीक घेतली तर गोलाई येते, पण काम वाढतं. हेच रिझोल्यूशन! पोरगी बापाकडे बघतच राहिली. ती पुढे त्या विषयात वर्गात पहिली आली, असलं काही झालं नाही. पास झाली. पण घरात बापाची विद्या आणि पोरीची विद्या यांच्यात सोयरीक झाली. "सोडते" हा शब्द मी त्यानंतर ऐकला नाही.

मार्कांवरून आठवलं म्हणून थोडं विषयांतर. ज्याच्यामुळे हे सगळं शास्त्र सुरू झालं, त्या रोंटगेनला पोरवयात युट्रेक्टच्या शाळेतून काढून टाकलं होतं. मास्तरांचं व्यंगचित्र दुसऱ्याच कुणीतरी काढलं होतं आणि याने त्याचं नाव सांगितलं नाही, अशी ती हकीकत आहे. शाळेचा दाखला नसल्याने पुढे दारं बंद. शेवटी झुरिकच्या पॉलिटेक्निकने प्रवेश परीक्षेवर घेतलं. त्यानेच ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्ट्सबुर्गच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण पाहिले, डिसेंबरात बायकोच्या हाताचा अंगठीसकट फोटो काढला आणि १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल घेतलं. पेटंट घेतलं नाही. दुसरा हाउन्सफील्ड, सी.टी. स्कॅनचा जनक. विद्यापीठाची पदवी नाही, हवाईदलात रडार शिकलेला, पुढे ई.एम.आय. कंपनीत इंजिनियर. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या एका इस्पितळात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन त्याच्या मशीनवर झाला आणि १९७९ मध्ये कॉरमॅकबरोबर त्याला वैद्यकाचं नोबेल मिळालं. आज सी.टी. शिकणारी पोरं त्याच्याच नावाची मोजपट्टी पाठ करतात, पाणी शून्य, हवा उणे १०००. हे दोन किस्से मी व्हरांड्यात सांगितले तेव्हा पोरं खूश झाली. एकजण म्हणाला, "बाई, मग आम्ही नापास झालो तरी चालेल?" मी म्हटलं, त्यांनी नापास झाल्यावर काय केलं ते वाच आधी.

असो. आता मुख्य गोष्टीकडे येते.

या कोर्सचं अर्धं शिक्षण वर्गात होतच नाही, ते डिपार्टमेंटमध्ये पोस्टिंगवर होतं. आणि माझ्या मते पोरांचं नशीब तिथे ठरतं. छातीचा साधा फोटो घ्या. पेशंटची छाती प्लेटला टेकवायची, पाठ मशीनकडे. हात कमरेवर ठेवून खांदे पुढे ढकलायचे, म्हणजे खवाटे फुफ्फुसांवरून बाजूला सरतात. मशीन १८० सेंटिमीटरवर. पूर्ण श्वास घ्यायला लावायचा आणि तो धरलेला असतानाच बटण दाबायचं. प्लेटवर डावी-उजवीची खूण ठेवायची. हे परीक्षेत पाच मार्कांना येतं आणि सगळ्यांना लिहिता येतं. पण समोर दम लागलेले सत्तरीचे आजोबा उभे असतात. त्यांचा सदरा काढायचा असतो, गळ्यातला ताईत काढायला ते तयार नसतात, आणि "श्वास धरा" म्हटलं की सोडतात.

१८० सेंटिमीटर कशाला, हे मला कळेना म्हणून मी विचारलं तर पोरीने रात्री दिवा लावून भिंतीवर हाताची सावली करून दाखवली. हात भिंतीजवळ असला की सावली हाताएवढी आणि रेखीव. हात दिव्याकडे नेला की सावली फुगते आणि पुसट होते. हृदय प्लेटजवळ हवं आणि दिवा लांब हवा, नाहीतर हृदय उगाच मोठं दिसतं आणि बऱ्या माणसाला आजारी ठरवलं जातं. मला पटकन समजलं. तेव्हाच मला वाटलं, आता ही पोर टिकली. विद्यार्थ्याला विषय आला की नाही याची माझी जन्माची परीक्षा एकच, तो घरच्या अडाण्याला समजावून सांगता येतो का. इथे अडाणी मीच!

सोलापुरात आणखी एक पेपर असतो, तो अभ्यासक्रमात नाही. इथल्या सरकारी रुग्णालयाला, वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या सिव्हिलला, जिल्ह्यातून येतात तसे धाराशिवकडून येतात, विजयपूर-कलबुर्गीकडूनही येतात. शहरातल्या खाजगी सेंटरांतही तेच. म्हणजे एका सकाळी मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली दख्खनी उर्दू, चारही भाषांत "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणता आलं पाहिजे. तेलुगूत "ऊपिरि तीसुकोंडि" आणि मग "वदलंडि". कन्नडात "उसिरु तगोळ्ळि" आणि सोडायला "बिडि". एक कानडी विडी कामगार बाई फोटोला आली होती. पोरीने नवंनवं शिकलेलं "बिडि, बिडि" म्हटलं. बाई खोकत खोकत हसायला लागली, इथंही विडीच का म्हणे! फोटो पुन्हा काढावा लागला असता, पण सीनियरने बाईला हसून घेऊ दिलं आणि मग बटण दाबायला लावलं.

हा सीनियर महत्त्वाचा. पोरीच्या नशिबाला दुसऱ्या वर्षी एक जुने टेक्निशियन आले, डार्करूमच्या काळातले. लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग धुवून फिक्सरमध्ये, मग तारेवर वाळत घालायची, त्या काळातले. तेव्हा फोटो काळा पडला की फिल्म वाया जायची आणि साहेब विचारायचे, म्हणून त्यांचा हात आधीच मोजूनमापून चालायचा. आता डिजिटलमध्ये जास्त किरण सोडले तरी कॉम्प्युटर चित्र सुधारून देतो, चूक दिसतच नाही. डोस मात्र पेशंटच्या अंगात गेलेला असतो. ते पोरांना सांगायचे, आधी पेशंटच्या जाडीला हात लावून बघा, आकडा मनात ठरवा, मग मशीनचा आकडा बघा, आणि का फरक पडला ते मला सांगा. पहिले पंधरा दिवस नुसतं बघायचं. मग पोझिशन पोरांनी द्यायची, बटण त्यांनी दाबायचं. मग बटणही पोरांनी दाबायचं आणि ते मागे उभे. फोटो बिघडला तर सगळ्यांसमोर बोलायचे नाहीत, पेशंट गेल्यावर स्क्रीनवर बोट ठेवून विचारायचे, काय कापलं गेलं सांग.

तिच्याच वर्गातला दुसरा एक मुलगा. बारावीला तिच्यापेक्षा वीस टक्क्यांनी पुढे. त्याचं पोस्टिंग एका खाजगी ठिकाणी लागलं, नाव लिहीत नाही. तिथे पेशंटची रांग मोठी, मालकाला घाई. चार महिने त्याने रजिस्टर लिहिलं, स्ट्रेचर ढकलला आणि रिपोर्टची पाकिटं वाटली. मशीनला हात लावू दिला नाही, बिघडलं तर कोण भरून देणार म्हणून. चार महिन्यांनी प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मनगटातल्या छोट्या हाडाचा फोटो घ्यायला सांगितला, तर त्याला पुस्तकातलं सगळं पाठ आणि पेशंटचं मनगट कसं धरायचं ते येईना. त्याचा आत्मविश्वास त्या दिवशी जो गेला तो परत आला नाही. तो आता कोर्समध्ये नाही, मोबाइलच्या दुकानात आहे आणि तिथे हुशार म्हणून त्याचं नाव आहे. मला अजून वाईट वाटतं. त्याला कुणी नालायक म्हणालं तर मी भांडेन.

भाच्या, म्हणून कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत आणि फी बघून परत येऊ नकोस. वरच्या वर्गातल्या पोरांना बाजूला घेऊन विचार, पोस्टिंगला तुमच्या हाताने रोज किती फोटो निघतात, आणि मागे कोण उभं असतं. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर नीट आलं नाही तर पुढचं कॉलेज बघ.

मुलगी असली की आणखी एक अडथळा असतो, त्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत पोरीची आजी माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, त्या लायटीनं पोरीला पुढं लेकरू व्हायचं नाही म्हणत्यात. स्थळं येतील का?" हसण्यावारी नेण्यासारखं यात काही नाही. सुरुवातीच्या काळात या किरणांनी माणसं मेलीच आहेत. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली हात गमावून १९०४ मध्ये गेला, आणि एडिसनने तो नाद सोडला. पण आता नियम आहेत. मुंबईत १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. त्यांच्या नियमाने काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणं लागता कामा नयेत आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाहीत. बाई गरोदर आहे हे कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या दिवसांत फक्त १. कशाशी तुलना करायची तर माती, आकाश, हवा यांतून जगात कुणालाही वर्षाला सरासरी २.४ मिळतच असतात. छातीवर एक बिल्ला लावतात, शिशाच्या एप्रनच्या आत. टी.एल.डी. बॅज. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि आकडा कळतो. शिवाय भिंतीमागे उभं राहायचं, आणि अंतर दुप्पट केलं की किरण चौथाई होतात.

मी आजीला आकडे सांगितले नाहीत. पोरीला म्हटलं, तुझ्या बॅजचे आलेले रिपोर्ट आण आणि आजीला दाखव. एक, दोन, तीन, सगळे किरकोळ. आजीला वाचता येत नाही, पण कागदावर सरकारी शिक्का असतो आणि आजी शिक्क्याला मानते. मग मी तिला मारी क्युरीची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात ही बाई स्वतः गाडी चालवायला शिकली, गाडीत एक्स-रेचं मशीन बसवून जखमी सैनिकांपर्यंत गेली, बरोबर सतरा वर्षांची लेक आयरीन. अशा वीसेक गाड्या आणि दोनशे ठिकाणी खोल्या उभ्या केल्या. चालवायला माणसं नव्हती म्हणून १९१६ पासून दीडशेच्या आसपास बायकांना तिने हे काम शिकवलं. सगळ्या काही शिकलेल्या घरातल्या नव्हत्या. थोडं गणित, थोडं शरीरशास्त्र आणि मग लगेच हाताने काम. आजीने सगळं ऐकून एकच विचारलं, "त्या लेकीला पुढं पोरं झाली का?" झाली, एक मुलगी एक मुलगा. आजीने पदर सावरला आणि उठली. मारी आणि आयरीन दोघी पुढे ज्या आजारांनी गेल्या, त्यात किरणांचा वाटा मानतात, तेही मी पोरीला नंतर एकटीला सांगितलं. त्यांच्या काळी बॅज नव्हता. तिला दोन्ही माहीत असायला हवं, म्हणजे ती कंटाळा करून एप्रन खुंटीला लटकवून ठेवणार नाही.

एम.आर.आय.ला किरण नसतात, तिथे चुंबक असतं, आणि पोरांना ते सोपं वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढलं आणि तो दगावला. ती बातमी मी कापून ठेवली होती, पोरांना वाचायला दिली. त्यावर आमची बरीच चर्चा झाली, कारण दारात उभं राहून "थांबा, आत यायचं नाही" म्हणायला विद्या लागतेच, शिवाय छाती लागते. समोर डॉक्टर असो, नगरसेवक असो, रडणारा मुलगा असो. एकवीस वर्षांच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या पोरीने साहेबाला "थांबा" म्हणायचं! हे तिला कोण शिकवणार? आम्ही व्हरांड्यात अक्षरशः नाटक बसवलं. मी रागीट साहेब झाले. पहिल्या दोन वेळा ती बाजूला सरली. तिसऱ्यांदा दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, खिशातलं सगळं इथं काढून ठेवा, मोबाइलसुद्धा." माझ्या हातातली छत्रीही काढून घेतली.

पैशाचं थोडक्यात. फी असतेच, पण ती एकदा भरून टाकता येते. रोजचा खर्च पोरांना खातो. अक्कलकोटहून येणारी एक मुलगी सकाळच्या पोस्टिंगसाठी पहाटे निघायची, हजेरी कमी पडली म्हणून तिचं एक सत्र गेलं. नंतर तिने शहरात मावशीकडे राहून पूर्ण केलं. मावशी नसती तर? बाकी नोकरी, पगार यांचे आकडे मला विचारू नका, प्रत्येकजण वेगळं सांगतो. २०२१ मध्ये या सगळ्या व्यवसायांसाठी केंद्राने आयोगाचा कायदा केला आहे, त्यातून पुढे नोंदणी, अभ्यासक्रम वगैरेला शिस्त येईल अशी पोरांना आशा आहे.

आता हिशेब. पाचांतली तिघं इंटर्नशिपपर्यंत पोचली. मोबाइलच्या दुकानातला एक सुटला आणि दुसऱ्या एकाने फार्मसी धरली, तो मजेत आहे. शेजारची पोर इंटर्न म्हणून रात्रपाळ्या करते. परवा अपघातातला एक ट्रक ड्रायव्हर आला होता, कन्नडिगा, मानेला पट्टा. मान न हलवता फोटो कसा घेतला ते ती मला उभ्याउभ्या सांगत होती आणि हातांनी हवेत ते सगळं करत होती.

आमची शब्दांची वही आता तिच्याकडे नाही. पहिल्या वर्षाला जत तालुक्यातला एक मुलगा आलाय, तो घेऊन गेलाय. घरात कन्नड बोलतो. त्याने वहीत तिसरा रकाना आखला आहे आणि मला फोन करून विचारत होता, "बाई, यकृताला कन्नडात काय लिहू?" मला कुठलं येतंय! समोरच्या कानडी काकूंना विचारते म्हटलंय. त्यांनी सांगितलेला शब्द पुस्तकातला आहे की स्वैपाकघरातला, ते त्याचं त्याने बघावं.